प्रस्थानाला ठेवलेला तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, आतून कल्हई केलेला, पोटाने गोल आणि तोंडाने घट्ट. माझ्या झाकणाला आटे आहेत. ते नीट बसले की मला उलटा धरला तरी थेंब सांडत नाही. प्रवासात घरचे पाणी बरोबर न्यावे म्हणून माझ्यासारखे तांबे घडवत असत. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्या माणसाच्या हातात मी आयुष्य काढले, त्याच्याकडूनच ते माझ्यात आले.

तो माणूस म्हणजे हरीभाऊ. कर्जतला लागून दहिवलीत आमचे घर होते. त्या गुरुवारी सकाळी त्यांनी मला चिंच लावून घासले आणि परसातल्या विहिरीचे पाणी काढले. थोडे पाणी काचेच्या नळीत घेऊन उजेडाकडे धरले, हुंगले, त्यात कसल्याशा औषधाचे थेंब टाकून रंग पाहिला. ती विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. तिचे पाणी ते जन्मभर प्यायले, पण असे तपासूनच. मग त्यांनी मला काठोकाठ भरले, झाकण आवळले, उलटा धरून पाहिले आणि धुतलेल्या उपरण्यात गुंडाळले. मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंडही त्याच गाठीत बांधले.

मला शंका आली. मुलीकडे जायचे विमान शनिवारी होते. मग मी एकटाच आज कुठे?

रस्ता ओलांडून हरीभाऊ समोर गौराबाईंच्या ओट्यावर गेले. गौराबाईंची भातशेती कडावला. दुधाच्या धंद्यासाठी ते कुटुंब इकडे राहायला आले, त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली होती.

"घ्या तुमचं ते," हरीभाऊ म्हणाले.

"माजं कशाला? तुमचंच पस्तान हाय." गौराबाईंनी पदर पुढे करून मला घेतले. "शनवारी अवस. अवसेला घर सोडायचं नाय, भाऊ. आज दिस चांगला हाय. आज ह्यो तांब्या निंगाला म्हंजे तुमी निंगालात. शनवारी जाताना हितनंच उचलायचा आन् फुडं जायचं. माघारी उंबऱ्याच्या आत न्यायचा नाय."

"माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, गौराबाई."

"मंग ठेवताव कशाला?"

"माझ्या अविश्वासावर तरी मी कुठे विश्वास ठेवतो?"

गौराबाई खळखळून हसल्या. "वयनी असत्या तर म्हनल्या असत्या, ह्या मानसाला देवानं जीभ दिली आन् हात टेकले." मग त्यांनी आवाज उतरवला. "पन पोरीनं बोलीवलंय कशाला, ते कळलं का?"

"नाही."

"तरी निंगालात?"

"निघालो," हरीभाऊ म्हणाले. पायऱ्या उतरताना त्यांची पावले एकदा मागे वळून थांबली. मला वाटले, गाठ नीट बसली आहे ना ते पाहत असावेत.

त्यांचे ते 'निघालो' मला खटकले. का खटकले, ते समजण्यासाठी तुम्हाला थोडे मागे यावे लागेल.

पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. माझ्या अंगावर अजून त्याच्या हातोडीचे ठसे आहेत. सुचेताबाईंच्या, म्हणजे गौराबाईंच्या त्या वयनींच्या, लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेर म्हणून दिले आणि मी हरीभाऊंच्या घरी आलो. हरीभाऊ खोपोलीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते. बॉयलरला जाणारे पाणी तपासणे हे त्यांचे काम. त्यात क्षार किती, गाळ किती, पाणी बॉयलरला चालेल की नाही, हे त्यांनी सही करून सांगायचे. ते म्हणत, "सगळं पाणी दिसायला सारखंच असतं. म्हणून तर ते लबाड."

असा माणूस बाहेरचे पाणी कशाला पिईल? मी रोज त्यांच्याबरोबर खोपोलीला जाई. कारखान्यातले लोक मला पाहून म्हणत, "काय हरीभाऊ, सासरचं पाणी आलं का?" हरीभाऊ शांतपणे म्हणत, "आलं. तपासून घेतलंय." एकदा बोरघाटात एस.टी. बंद पडली. उन्हाने माणसे हैराण झाली, तेव्हा माझ्यातले पाणी अख्ख्या गाडीत घोट घोट वाटले गेले. ज्या बाई आधी मला पाहून हसल्या होत्या, त्यांनीच दोनदा ओंजळ पुढे केली. ते कौतुक मी अजून विसरलेलो नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी ऋजुता. ती शाळेच्या सहलीला निघाली तेव्हा बापाने मलाच तिच्या पिशवीत घातले. तिने दिवसभर मला बाहेर काढले नाही. सगळ्या मुलींकडे रंगीत बाटल्या होत्या. घरी आल्यावर तिने मला भरलेलाच परत ठेवला आणि तांब्यांवर तांबे पाणी प्यायली. हरीभाऊंनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात घरात प्लास्टिकची बाटली आली.

त्या घरात न बोलणे बरेच होते, मित्रांनो. भांडण नव्हते, राग नव्हता. फक्त मनातले बोलायची पद्धत नव्हती. परीक्षेत पहिली आल्यावर "बरं झालं", ताप उतरल्यावर "बरं झालं". बोलायचे ते सुचेताबाई बोलत. त्या गेल्या आणि घरातला आवाज गेला. हरीभाऊ निवृत्त झाले होते. मी माळ्यावर गेलो. माझी कल्हई उडाली, कडेला हिरवट डाग पडले. ऋजुता तोवर व्हिएन्नाला गेली होती, तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. एकटीच राहत असे.

माळ्यावरून मला तिचा फोन ऐकू येई. हरीभाऊ स्पीकर लावत. कानाला फोन धरला की समोरचा काय लपवतो ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे.

"बाबा, तुम्ही या ना इकडे."

"का?"

"का म्हणजे? हवा चांगली आहे."

"हवा इथेही आहे."

"संग्रहालयं आहेत. बागा आहेत. आणि पाणी, बाबा! इथे नळाला थेट डोंगरातल्या झऱ्याचं पाणी येतं."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात ते तर आधी तपासायला पाहिजे. तू खरं कारण सांग."

मग ती म्हणे, "कारण कशाला लागतं? तिकिटं आत्ता बरी मिळतायत."

हरीभाऊ फोन ठेवत आणि येरझारा घालत. मुलगी आजारी आहे काय? नोकरी गेली काय? कुणाशी लग्न करते आहे आणि समोरासमोर सांगायचे आहे काय? की बापाला तिकडे नेऊन ठेवून घ्यायचे आहे? या शेवटच्या शंकेला खतपाणी घातले ते गौराबाईंच्या मुलाने, कमलेशने. तो जागांचे व्यवहार जुळवतो; नेरळपासून खालापूरपर्यंत कुठली जमीन कुणाची, हे त्याला पाठ आहे.

"काका, माझ्या एका पार्टीचे वडील असेच गेले फिरायला," तो एकदा दारात उभा राहून म्हणाला. "गेले ते तिकडचेच झाले. घराचं टेन्शन घेऊ नका. मी हाय ना. बंद ठेवण्यापेक्षा शनिवार-रविवार भाड्याने देऊ. फार्महाउसवाले वेडे झालेत नुसते, आणि तुमच्याकडं तर विहीर हाय!"

"विहीर आहे, म्हणून तू सांभाळून उभा राहा," हरीभाऊ म्हणाले.

कमलेश हसत गेला. हरीभाऊंनी त्या दिवशी परसदाराचे कुलूप बदलले. मला त्यांचे पटले. माळ्यावरून मी त्या मुलाची नजर पाहिली होती. ती छपराची कौले मोजत होती.

आणि मग एके दिवशी शिडी लागली. हरीभाऊंनी मला खाली उतरवले आणि पिशवीत घालून कल्हई करायला निघाले. कर्जतला कल्हईवाला मिळेना, म्हणून विचारत विचारत ते खोपोलीपर्यंत गेले. परतताना मी आतून चांदीसारखा चमकत होतो. तेव्हाच मी ओळखले, यांचे जायचे ठरले आहे. मुलीला त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवले.

पुढचे महिने संशयाचेच गेले. व्हिसाच्या कार्यालयात यंत्राला त्यांच्या बोटांचे ठसे मिळेनात. वय आणि वर्षानुवर्षे हाताळलेली रसायने, दोन्हींनी बोटांवरच्या रेषा पुसट केल्या होत्या. घरी येऊन ते फोनवर म्हणाले, "जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला. आज एका यंत्राने माझ्यावर घेतला. बोट धुऊन या म्हणे!" ऋजुता इतकी हसली की तिला खोकला आला. विम्याच्या माणसाने रक्तदाबाविषयी विचारले, तेव्हा हरीभाऊंनी सगळे खरे सांगितले आणि मग रात्रभर हा माणूस इतका गोड का बोलत होता याचा विचार केला.

विमानतळावर चाकाची खुर्ची मागवली आहे, असे ऋजुताने सांगितले तेव्हा तर वादच झाला.

"मी पांगळा आहे असं कुणी कळवलं तिकडे?"

"बाबा, दुसरं विमान पकडायला खूप चालावं लागतं. सगळे म्हातारे घेतात."

"म्हणजे म्हाताराही कळवलंस."

"बरं, मग खुर्चीवर बॅग ठेवा आणि मागून चालत या."

त्यांना हा तोडगा पसंत पडला. औषधांच्या निम्म्या गोळ्या त्यांनी मोठ्या बॅगेत ठेवल्या आणि निम्म्या हातातल्या पिशवीत. एका बॅगेवर सगळा भरवसा टाकायला ते तयार नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीही दोन्हीकडे. आणि मी? भरलेला तांब्या विमानात बरोबर नेता येत नाही, हे ऐकून ते फार अस्वस्थ झाले. शेवटी ठरले की विमानतळावर माझ्यातले पाणी ते स्वतः पिऊन टाकतील आणि मला रिकामा नेतील. "तिथल्या झऱ्याचं भरून आणतो," ते म्हणाले. "इथे तपासू. मग कळेल खरं-खोटं."

"पण कारण विचारायचं सोडलंत वाटतं," ऋजुता फोनवर म्हणाली.

"सांगणार आहेस?"

तिने विमानाची वेळ पुन्हा वाचून दाखवली. हरीभाऊंनी ती लिहून घेतली. मग ते म्हणाले, "बरं. शनिवारी निघतो."

आता कळले ना, मित्रांनो, त्या गुरुवारचे 'निघालो' मला का खटकले? घरच्या विहिरीचेही पाणी न तपासता जो पीत नसे, तो कारण न कळता निघाला होता.

गौराबाईंनी मला आतल्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी, देवांच्या फळीखाली ठेवले. शुक्रवारी सकाळी त्या समोर दूध द्यायला गेल्या. थोड्या वेळाने मला धावणारी पावले ऐकू आली, कमलेशला मारलेल्या हाका, गाडी जोरात सुरू झाल्याचा आवाज. आणि मग बराच वेळ काहीच नाही.

मला काय वाटले ते सांगतो. मला वाटले, हरीभाऊ मला न घेताच निघून गेले. पुन्हा प्लास्टिकची बाटली.

दुपारी गौराबाई आत आल्या. माझ्याजवळ येताच त्यांचा हुंदका ऐकू आला आणि त्या तशाच बाहेर गेल्या. ओट्यावर कुणाला तरी त्या सांगत होत्या, ते मी ऐकले. हरीभाऊ झोपाळ्यावर बसल्या बसल्याच गेले होते. पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात होता. कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता.

शनिवारचे विमान त्यांच्यावाचून गेले. ऋजुता आली. कमलेश तिला विमानतळावरून घेऊन आला. मी वाट पाहत राहिलो, की आता कुणीतरी मला घरी नेईल. कुणी नेले नाही. उलट गौराबाईंनी मला कणगीच्या मागे सरकवले आणि वर गोणपाट टाकले.

यावर तुम्ही काय म्हणाल? मी म्हणालो, झाले. नवी कल्हई पाहून बाईंची नियत फिरली. मुलगा घर घेणार आणि आई भांडी.

एके दिवशी कमलेश तणतणत आत आला. "आये, ताई तांब्या शोधतेय. माळा काढला, कपाटं काढली, विहिरीत वाकून बघितलं. मला विचारलं, कमलेश, तू पाहिलास का? कसं विचारलं ते मला कळतं गं. देऊन टाक ना!"

"सुतकात काय द्यायचं नाय."

"मग सांग तरी, की आपल्याकडं हाय म्हणून. चोर समजतेय ती मला!"

"समजू दे," गौराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला विचित्र वाटला. "चोर म्हनली तर परवडंल."

म्हणजे चोरीहून मोठे काहीतरी त्या लपवत होत्या. माझा संशय आणखी घट्ट झाला.

तेरावा झाला. ऋजुताचा जायचा दिवस आला. समोरच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज मी ओळखला. मग तिची पावले ओट्यावर आली. "येते, मावशी," ती म्हणाली. किल्ली द्यायची गोष्ट तिने काढली नाही. ती तिच्या पर्समध्ये होती आणि पर्स तिने पोटाशी धरली होती, हे मला नंतर दिसले.

"थांब," गौराबाई म्हणाल्या. त्यांनी आत येऊन गोणपाट दूर केले, मला उचलले आणि गाठीसकट ओट्यावर तिच्यासमोर ठेवले.

ऋजुताने उपरणे ओळखले. गाठ सोडली. मला पाहून तिचा चेहरा आवळला.

"म्हणजे इथेच होता."

"ताई, मी आईला म्हटलं होतं..." कमलेश पुढे झाला.

"तू गप रं," गौराबाई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "भाऊंनी पस्तान ठेवलं व्हतं. अवस आडवी आली म्हनून मीच ठेवाया लावलं. मीच म्हनले, ह्यो निंगाला म्हंजे तुमी निंगालात. माज्या तोंडानं म्हनले गं. आन् दुसऱ्या दिशी..." त्यांनी समोरच्या कुलपाकडे बोट केले. "मला वाटलं, तू म्हनशील, हिनंच धाडलं माज्या बापाला."

मी आतल्या आत लाजलो, मित्रांनो. भाताच्या कणगीमागे मला कुणी चोरून ठेवले नव्हते. एक म्हातारी बाई घाबरली होती, एवढेच.

ऋजुता तिच्याशेजारी पायरीवर बसली. "मावशी, बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता."

"नव्हताच. म्हनाले तसं."

"आणखी काय म्हणाले?"

"मी इचारलं, पोरीनं कशाला बोलीवलंय. म्हनाले, म्हायती नाय. मी म्हनले, तरी निंगालात? म्हनाले, निंगालो." गौराबाईंनी डोळे पुसले. "हसत व्हते गं. पायऱ्या उतरताना मागं वळून बघितलं, तवा हसत व्हते."

हसत होते? मी उपरण्यात होतो. मला ते दिसले नव्हते.

ऋजुताने पर्स उघडली आणि किल्ली कमलेशपुढे धरली. "विहिरीवर जाळी टाकून घे," ती म्हणाली. "आणि भाड्याने द्यायचं नाही."

"नाय देत, ताई," कमलेश म्हणाला. मग किल्ली खिशात टाकत, "काकांनी कुलूप बदललं होतं माझ्यामुळं. मला म्हायत होतं. तरी पण काका भारी माणूस."

आज मी व्हिएन्नाला, ऋजुताच्या स्वयंपाकघरात खिडकीशी आहे. ती मला रोज भरते. पाणी खरेच डोंगरातले आहे. तिने बाबांच्या नळीत धरून पाहिले. भांडी घासत जा, कल्हई उडाली तर करून घ्या, हे तर मी तुम्हाला सांगेनच. पण त्याहून एक मागणे आहे. तुमच्या घरात कुणी 'का बोलावतेस' असे पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला हवेची, बागांची आणि तिकिटांची कारणे देऊ नका. असे विचारणाऱ्या सगळ्यांनाच शंका आलेली नसते. काहींना ऐकायचे असते. मी इतकी वर्षे त्यांच्या हातात राहून मला ते कळले नव्हते.

त्या दिवशी ओट्यावर ऋजुताने माझे झाकण फिरवायला घेतले. हरीभाऊंनी ते फार घट्ट लावले होते. कमलेशने हात पुढे केला. तिने मान हलवली आणि उपरण्याच्या टोकाने धरून जोर लावला. आटे सुटले. तिने पाणी उजेडाकडे धरले नाही, हुंगले नाही. मला दोन्ही हातांनी उचलून, लहानपणी सहलीत प्यायली नव्हती तेवढे पाणी ती ओठ लावून प्यायली. गौराबाई म्हणाल्या, "थोडं राहू दे गं, फुडं न्यायचं हाय." ऋजुताने झाकण लावले. समोरच्या बंद दाराकडे पाहत, पण मला छातीशी धरून, ती मोठ्याने म्हणाली,

"बाबा, कारण काहीच नव्हतं. मला तुमची आठवण यायची. रोज यायची."